एक रात्र, दोन जेवणं आणि गरम पाणी

1866 सालच्या सुरुवातीची गोष्ट. क्योतोजवळच्या फुशिमी गावातल्या तेरादाया या सराईला मध्यरात्रीनंतर शोगुनाच्या शिपायांनी वेढा घातला. त्यांना हवा होता साकामोतो ऱ्योमा, शोगुनशाही उलथवण्याच्या खटपटीत असलेला तिशीतला सामुराई. त्याची सहचरी ओऱ्यो तेव्हा न्हाणीघरात होती. बाहेरची हालचाल तिला दिसली आणि अंगावर जेमतेम एखादं वस्त्र ओढून (कुणी म्हणतात, तेवढंही नाही) ती त्याला सावध करायला जिना चढून वर धावली. हाताला जखमा झाल्या, पण ऱ्योमा निसटला. पुढे दोघं दक्षिणेला, आजच्या कागोशिमाकडे गेली आणि किरिशिमा डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर राहिली. हेतू जखम बरी करण्याचा होता. प्रत्यक्षात त्यांनी मासे पकडले, पिस्तुलाने पाखरं टिपली आणि ताकाचिहो शिखरावर चढून तिथे रोवलेला देवाचा भाला उपटून पाहिला. ऱ्योमाने हे सगळं थोरल्या बहिणीला पत्रातून, चित्र काढून कळवलं. पुढच्याच वर्षी क्योतोमध्ये त्याचा खून झाला.

जपानी लोक या प्रवासाला देशातला पहिला मधुचंद्र म्हणतात. तो खरंच पहिला होता का, यावर इतिहासकार वाद घालोत. नवविवाहितांची आणि गरम पाण्याची सांगड मात्र टिकली. तोक्योजवळचं आतामी 1950-60 च्या दशकांत नव्या जोडप्यांनी गजबजलेलं असे. तिथल्या किनाऱ्यावर ओझाकी कोयोच्या ‘कोन्जिकी याशा’ या कादंबरीतल्या नायकाचा पुतळा आहे. पैशासाठी दुसऱ्याशी लग्न ठरवणाऱ्या प्रेयसीला तो लाथ मारतो आहे. मधुचंद्राच्या गावात असा पुतळा उभारणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दादच द्यायला हवी.

आज आपल्याकडचीही पुष्कळ जोडपी जपानला जातात आणि सहलीत एक रात्र ऱ्योकानसाठी राखतात. ऱ्योकान म्हणजे पारंपरिक जपानी सराई. गरम पाण्याचा झरा असेल तर ते ओनसेन ऱ्योकान. हॉटेलच्या हिशेबाने त्याच्याकडे पाहिलं तर पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. हॉटेल खोली विकतं. तुम्ही कधी आलात, कुठे जेवलात, किती वाजता झोपलात, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ऱ्योकान स्वतःचा दिनक्रम विकतं. तीन वाजता या, आंघोळ करा, साडेसहाला जेवा, पुन्हा आंघोळ करा, झोपा, सकाळी आणखी एकदा आंघोळ करा, आठला न्याहारी घ्या, दहाला निघा. या सगळ्याला मिळून ‘इप्पाकु निशोकु’, म्हणजे एक रात्र आणि दोन जेवणं, असा एकच भाव असतो आणि तो खोलीमागे नसून माणशी असतो. एकट्या प्रवाशाला खोली द्यायला काही ऱ्योकान नाखूश असतात ती याचमुळे. इथला हिशेब दोघांपासून सुरू होतो.

मात्र हा दिनक्रम जोडप्याला सतत एकत्र ठेवत नाही. दिवसातून दोन-तीनदा तो दोघांची ताटातूट करतो आणि मग पुन्हा गाठ घालून देतो. ऱ्योकानची खरी गंमत मला त्यात वाटते.

आधी पाण्याबद्दल. कशाला ओनसेन म्हणायचं, हे जपानमध्ये 1948 च्या कायद्याने ठरवलं आहे. जमिनीतून निघताना पाणी 25 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम हवं, नाहीतर कायद्यात दिलेल्या 19 घटकांपैकी एखादा तरी ठरलेल्या प्रमाणात त्यात हवा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने थंड पाणीही ओनसेन असू शकतं. देशभर असे सत्तावीस हजारांहून अधिक झरे आहेत. बहुतेकांना ज्वालामुखींची ऊब मिळते. कोबेजवळचं आरिमा हा ठळक अपवाद: तिथे जवळपास ज्वालामुखी नाही, तरी समुद्रतळाचा जो थर जपानखाली सरकतो आहे त्यातून पिळून निघालेलं खारट, लोहयुक्त पाणी वर येतं आणि हवा लागताच गंजासारखं तांबूस होतं.

कोकणातल्या वाचकाला गरम पाण्याचं अप्रूप सांगायला नको. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे अशी झऱ्यांची माळच आपल्या किनारपट्टीला समांतर आहे. तिथे ज्वालामुखीचा संबंध नाही; भेगांतून खोल उतरलेलं पावसाचं पाणी तापून वर येतं. आपल्याकडे झऱ्याशेजारी देऊळ आलं आणि आंघोळ दर्शनाआधीचं एक काम होऊन राहिली. जपानमध्येही सुरुवात देवाधर्मातूनच झाली, पण पुढे झऱ्याशेजारी सराया वाढल्या. आजारी माणसं आठवडा-आठवडा, कधी तीन-तीन आठवडे मुक्काम ठोकत, तांदूळ बरोबर आणत आणि स्वतः रांधून खात. यामानाशी प्रांतातलं केइउन्कान इ.स. 705 पासून चालू आहे आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद आहे. एका रात्रीचा, पंचपक्वान्नांचा, मौजेचा मुक्काम ही मात्र आगगाडी आल्यानंतर रुळलेली रीत.

जोडीने जायचं तर कुठलं गाव निवडावं? माझं उत्तर किनोसाकी. ओसाकाहून जलद गाडीने ते सुमारे पावणेतीन तासांवर, जपानच्या समुद्राच्या बाजूला आहे. आठव्या शतकात दोची नावाच्या भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केली तेव्हा इथे गरम पाणी फुटलं, अशी आख्यायिका आहे. दुसरी आख्यायिका जखमी करकोच्याची: तो जिथे पाय शेकत बसायचा तिथे झरा सापडला. ओतानी या छोट्याशा नदीच्या दोन्ही काठांना वाळुंजाची झाडं, मधून मधून कमानीचे दगडी पूल, आणि गावभर विखुरलेली सात सार्वजनिक स्नानगृहं. शिगा नाओया हा लेखक 1913 मध्ये तोक्योत आगगाडीची धडक बसल्यावर इथे बरा व्हायला आला होता आणि त्यावरच त्याची ‘किनोसाकी निते’ ही प्रसिद्ध कथा बेतलेली आहे.

1925 च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत गाव जवळजवळ बेचिराख झालं. पुन्हा उभारणी होत असताना एका जुन्या सराईने आपल्या जागेतल्या गरम पाण्यावर पाहुण्यांसाठी आतच स्नानगृह बांधलं आणि गावात मोठी फूट पडली. पाणी सगळ्या गावाचं, आंघोळ सगळ्यांनी बाहेर करायची, हा शतकानुशतकांचा रिवाज. प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं रेंगाळलं आणि 1950 मध्ये तडजोडीने मिटलं: सरायांना आत स्नानगृह ठेवता येईल, पण ते लहान असावं. परिणाम आजही दिसतो. आत आंघोळ होऊ शकत असली तरी किनोसाकीत माणसं संध्याकाळी बाहेर पडतात. गावकरी सांगतात की आमचं सगळं गाव हेच एक ऱ्योकान आहे. स्टेशन म्हणजे दार, रस्ते म्हणजे व्हरांडे आणि सराया म्हणजे खोल्या. मुक्कामी पाहुण्याला सराईकडून पास मिळतो, तो दाखवला की या स्नानगृहांत फुकट प्रवेश. एखादं ना एखादं आळीपाळीने बंद असतं, पण एका रात्रीत सगळी कुणी करूही नयेत. दोन किंवा तीन पुरेत.

पोचल्यावर काय होतं ते आता क्रमाने. दारात बूट काढायचे. पुढे व्हरांड्यात सपाता चालतात, पण खोलीतल्या तातामीवर, म्हणजे गवती चटईच्या जमिनीवर, त्याही नकोत. आणि शौचालयाच्या सपाता शौचालयातच राहतात. त्या घालून चटईवर येणं हा परदेशी पाहुण्यांचा ठरलेला प्रमाद. खोलीत पलंग नसतो. एक बुटकं मेज, दोन बैठका, भिंतीतल्या कोनाड्यात एखादं लोंबतं चित्र आणि फुलदाणी. तो कोनाडा मानाचा, त्यात सूटकेस ठेवू नये. खोली सांभाळणारी बाई, नाकाई-सान, गुडघ्यांवर बसून हिरवा चहा आणि एखादी गोड वडी पुढे ठेवते आणि जेवण किती वाजता हवं ते विचारते. गोड खायला देण्यामागे विचार आहे: रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरलं की घेरी येते.

कपाटात दोघांसाठी युकाता असतात, सुती झगे. डावी बाजू वर, उजवी आत, आणि कमरेला पट्टा. उलट नेसवतात ते मृतदेहाला, त्यामुळे तुम्ही चुकलात तर वाटेतली एखादी म्हातारी थांबवून दुरुस्त करेल. थंडीत वरून जाड डगला मिळतो. पायांत लाकडी गेता. या वेषात जेवायला जाणं, रस्त्यावर फिरणं, दुकानात शिरणं, सगळं चालतं. किनोसाकीत संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्यावर गेतांची टकटक सुरू होते आणि तोक्योचा बँकवाला कोण, ठाण्याचा इंजिनिअर कोण, हे ओळखू येत नाही.

आता ताटातूट. स्नानगृहाच्या दारावर दोन पडदे असतात, बहुधा पुरुषांचा निळा आणि बायकांचा लाल. पूर्वी स्त्री-पुरुष एकाच कुंडात उतरत. शोगुनशाहीने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर बंदी घातली, ती फारशी मानली गेली नाही. पुढे पाश्चात्त्यांच्या भुवया उंचावल्यावर, शोगुनशाहीनंतर आलेल्या मेइजी सरकारने ती अधिक कडक केली. मिश्र स्नानाची काही ठिकाणं उरली आहेत, त्यांत आकिता प्रांतातल्या न्यूतो डोंगरांतलं त्सुरुनोयु प्रसिद्ध आहे. तिथलं पाणी दुधासारखं पांढरं असल्याने मानेखालचं काही दिसत नाही. पण सर्वसाधारण नियम वेगवेगळ्या कुंडांचा. तेव्हा नवरा-बायकोने पडद्याबाहेर वेळ ठरवून घ्यावी, ‘पाऊण तासाने इथेच,’ आणि आपापल्या बाजूने आत जावं. बऱ्याच सरायांत रात्रीतून पडद्यांची अदलाबदल होते, म्हणजे काल बायकोने वर्णन केलेलं देवदारी लाकडाचं कुंड सकाळी नवऱ्याला मिळतं. अर्धवट झोपेत सवयीने कालच्याच दाराने शिरू नका.

आत वेताच्या टोपल्या असतात, कपडे सगळे त्यात ठेवायचे. सगळे म्हणजे सगळे. पोहण्याचे कपडे चालत नाहीत. भारतीय माणूस अडखळतो तो इथेच. हातात फक्त छोटा पंचा. मग भिंतीलगतच्या बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ, सावकाश आंघोळ करायची, फेस पूर्ण धुऊन काढायचा, स्टूल आणि बादली पुढच्यासाठी धुऊन ठेवायची. कुंड हे अंग घासायची जागा नाही. शेकायची जागा आहे. अनेक ठिकाणी झऱ्याचं पाणी जसंच्या तसं आत येतं आणि काठावरून वाहून जातं, म्हणून त्यात पंचासुद्धा बुडवत नाहीत. त्याची घडी डोक्यावर ठेवतात. केस लांब असतील तर वर बांधायचे. पाणी 40 ते 42 अंशांचं. पहिल्यांदा चटका बसतो, मग खांदे आपोआप खाली येतात. आणि संकोच? दोन-तीन मिनिटांत जातो, कारण तिथे कुणी कुणाकडे पाहत नाही. दहा मिनिटं बसा, काठावर या, पुन्हा उतरा. दारू पिऊन मात्र उतरू नका. रक्तदाबाची तक्रार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. गरोदरपणी ओनसेन वर्ज्य, अशी सूचना पूर्वी असे. 2014 मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयाने ती यादीतून काढली. अंगावर गोंदण असेल तर अनेक ठिकाणी मज्जाव होतो, किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत होत नाही.

हे सगळं वाचून ज्यांना नकोसं वाटलं त्यांच्यासाठी सोय आहे. ‘काशिकिरी’ म्हणजे तासाभरासाठी दोघांनाच मिळणारं कुंड. आतून कडी लावायची, बाहेर पाटी उलटवायची. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी दोन-तीन हजार येन. त्याहून महाग पर्याय खोलीलाच जोडलेल्या उघड्यावरच्या कुंडाचा. ही खोली अलीकडची फॅशन आहे आणि तिच्यामागे अर्थकारण आहे. 1980 च्या दशकात कंपन्यांच्या सहली बसगाड्या भरभरून झऱ्यांवर जात. किनुगावासारख्या गावांनी त्यांच्यासाठी नदीकाठी सिमेंटचे अवाढव्य मनोरे उभारले. 1990 नंतर अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, सहली बंद झाल्या, आणि किनुगावाचे कित्येक मनोरे आज ओस पडले आहेत. तगून राहिलेल्यांनी मोर्चा मैत्रिणींच्या गटांकडे आणि जोडप्यांकडे वळवला. क्यूशूतल्या कुरोकावाने तर 1986 मध्येच शहाणपण केलं होतं: एकच लाकडी बिल्ला घ्या आणि गावातल्या कुठल्याही तीन सरायांची उघडी कुंडं वापरा. त्यांनी भडक फलक काढून टाकले, झाडं लावली आणि आडबाजूचं गाव देशभर गाजलं.

स्वतःच्या खोलीतल्या कुंडाबद्दल माझं मत थोडं खडूस आहे. त्याला दुप्पट पैसे पडतात आणि आपण खोलीतच बसून राहतो. स्नानानंतर लाल झालेले चेहरे घेऊन पडद्याबाहेर पुन्हा भेटणं, यंत्रातून दुधाची थंड बाटली काढून उभ्या उभ्या पिणं आणि ‘तुझ्याकडे कसं होतं?’ अशी विचारपूस करणं त्यात उरत नाही. फारच संकोच असेल तर काशिकिरी घ्या, तेवढं पुरतं.

जेवण वेळेवर म्हणजे वेळेवर. सांगितलेल्या वेळी पोचला नाहीत तर स्वयंपाकघराचं सगळं गणित बिघडतं. ते खोलीत येतं, किंवा हल्ली माणसं कमी असल्यामुळे बहुधा जेवणघरात. एकामागून एक लहान लहान पदार्थ येतात: काहीतरी आंबटसर, कच्च्या माशाचे काप, भाजलेलं, उकडलेलं, अंड्याचं मऊ लुसलुशीत चावानमुशी. मेजावर प्रत्येकासमोर एक चिमुकली शेगडी असते, तिच्यात निळसर घन इंधनाची वडी. बाई काडी लावून जाते. त्या वडीचं माप असं बेतलेलं असतं की ज्योत विझली म्हणजे वरचं भांडं शिजलं. घड्याळ बघावं लागत नाही. भात, मिसो सूप आणि लोणचं शेवटी, आपल्या मागच्या भातासारखं. दारूचे पैसे वेगळे. नोव्हेंबर ते मार्च किनोसाकीत मात्सुबा खेकड्यांचा हंगाम, तेव्हा सगळं जेवणच खेकड्याचं: कच्चा, निखाऱ्यावर भाजलेला, रश्शातला. मालवणच्या माणसाला कुर्ल्यांचं प्रशस्तिपत्र देण्याचा अधिकार आहे, आणि तोही इथे चार घास जास्त खाईल, पण भावही तेव्हाच चढतात.

शाकाहारी जोडप्यांनी जपून राहावं. मासे टाळले म्हणून भागत नाही. जवळजवळ प्रत्येक रश्शात, सॉसमध्ये, भाजीतसुद्धा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क, दाशी, असतो. खोली आरक्षित करतानाच कळवलं तर काही ऱ्योकान वेगळं जेवण बनवतात, काही सरळ नाही म्हणतात. आयत्या वेळी सांगून काही होत नाही. खात्रीचं शाकाहारी हवं असेल तर कोयासानच्या बौद्ध मठांत मुक्काम करावा; तिथलं शोजिन जेवण मांस-मासळीविना असतं.

तुम्ही जेवत असता तेव्हा खोलीत कुणीतरी येऊन गाद्या घालून गेलेलं असतं. दोन गाद्या, दोन रजया, शेजारी शेजारी पण वेगवेगळ्या. भारतीय जोडपी यावर हसतात. जुन्या इमारतींत खोल्यांमध्ये कागदी आणि लाकडी सरकती दारं, त्यामुळे शेजारच्यांचं खोकणं ऐकू येतं आणि आपलंही त्यांना. इथला एकांत जाड भिंतींवर कमी आणि एकमेकांच्या शिष्टाचारावर जास्त अवलंबून असतो. बाई आत येण्याआधी बाहेरून हाक देते, थांबते, मग दार सरकवते. चटईची जमीन संपते तिथे खिडकीलगत लाकडी फळ्यांची एक अरुंद पट्टी असते, तिच्यावर दोन खुर्च्या आणि मधे लहानसं मेज. बहुतेक जोडप्यांची रात्र तिथेच सरते, बाहेरचं पाणी ऐकत, फारसं न बोलता.

सकाळी लवकर उठणाऱ्याला किनोसाकीत बक्षीस आहे: स्नानगृह उघडताच जो पहिला आत शिरतो त्याला लाकडी बिल्ला मिळतो. मग भाजलेला मासा, भात, मिसो, अंडं अशी भरगच्च न्याहारी, आणि दहाला निरोप. मालकीणबाई दाराबाहेर येऊन वाकून उभी राहते आणि पाहुणे वळणाआड होईपर्यंत हलत नाही. बक्षिसी द्यायची पद्धत नाही. दिली तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं.

खर्चाचं म्हणाल तर मध्यम दर्जाच्या ऱ्योकानला दोन्ही जेवणं धरून माणशी वीस ते तीस हजार येन पडतात, येन अर्ध्या रुपयाहून थोडा जास्त धरला तर दोघांचे साधारण बावीस ते तेहतीस हजार रुपये. शिवाय माणशी साधारण दीडशे येन स्नानकर. शनिवारी आणि जपानी सुट्ट्यांना भाव वाढतात, तेव्हा मधला वार घ्या. पलंग हवा असेल, गुडघे दुखत असतील, तर तसंही आधी विचारा. पलंगांच्या खोल्या आता बऱ्याच ठिकाणी असतात. आणि सहलीच्या वेळापत्रकात त्या दुपारी काही कोंबू नका. रात्री आठला दमून पोचणाऱ्याला फक्त गादी मिळते, जेवणही बहुधा नाही. तुम्ही पैसे मोजले आहेत ते दुपारी तीनपासूनचे, म्हणून तीनला दारात उभे राहा.